एलरॉयचे पातेले आणि माझा फेस

मित्रांनो, माझ्या खांद्यावरचा पोचा आधीच पाहून घ्या, म्हणजे गोष्ट ऐकताना तुमची नजर सारखी तिकडे जाणार नाही. मी एक जुना केग आहे. केग म्हणजे पोलादाचा उभट डबा, मोठ्या माणसाच्या गुडघ्याच्या थोडा वर येईल एवढा. डोक्यावर लंबगोल झाकण आणि झाकणाच्या दोन बाजूंना दोन तोट्या. एका तोटीतून वायू आत जातो, दुसरीतून पेय बाहेर येते. तुमच्यात जे लहान आहेत त्यांना बजावून ठेवतो, की आज माझ्या पोटात जे असते ते मोठ्यांचे पेय आहे, तुम्ही त्याच्या वाटेला जायचे नाही. माझी सुरुवात मात्र तुमच्यासारख्यांच्याच सेवेत झाली.

कारखान्यात पोलादाचा पत्रा गोल वळवून माझी कूस जोडली, तळाला आणि गळ्याला काळ्या रबराचे जाड कडे चढवले. मग माझ्यात पाणी भरून असा काही दाब दिला, की शेजारचा एक डबा तिथेच फुगला आणि बाद झाला. मी हूं की चूं केले नाही. एका माणसाने माझ्या खांद्यावर ठोकून शिक्का मारला. तो शिक्का अजून आहे, आणि मला त्याचा गर्व आहे, हे लपवत नाही.

तिथून मी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या हार्टविग गावात, बर्निस प्लाउट्झच्या बोलिंगच्या अड्ड्यावर आलो. लांब लाकडी पट्ट्यांवरून जड चेंडू घरंगळायचे, टोकाच्या खुंट्या धडाधड पडायच्या, आणि मी काउंटरखाली बसून रूट बिअर पुरवायचो. नाव ऐकून दचकू नका. रूट बिअर म्हणजे झाडांच्या मुळांच्या आणि सालींच्या वासाचे गोड, फसफसते सरबत. तिचा बिअरशी काही संबंध नाही. मुलांच्या वाढदिवसाला माझ्याभोवती जी झुंबड उडायची ती तुम्ही पाहायला हवी होती. बर्निस माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "हा माझा कामाचा गडी." ही बाई माणसांचे कौतुक कधी करत नसे, म्हणून ते मला जास्त गोड लागे.

मग खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. सरबताचा पाक त्या पिशव्यांतून येऊ लागला. धुवायला नको, उचलायला नको. माझे भाईबंद भंगारात गेले. मला बर्निसने ठेवून घेतले, पण कशासाठी, तर मागचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला टेकू द्यायला. ज्याच्याभोवती मुले नाचत होती त्याला येणाराजाणारा प्रत्येक जण पायाने सरकवू लागला. हा पोचा त्याच काळातला आहे. दुःख झाले, मित्रांनो. पोलादाला दुःख होत नाही असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

शेवटी बर्निसने मला चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकले. तिथे फुटक्या दिव्यांच्या आणि स्वेटरांच्या ढिगाऱ्यात कॉलीनने मला पाहिले.

कॉलीन ही एलरॉय झॅस्ट्रोची सून. ती लग्न होऊन शेजारच्या इलिनॉय राज्यातून आली होती, आणि हार्टविगमध्ये यापेक्षा मोठा दोष माणसात असू शकत नाही. इलिनॉयच्या लोकांना गाडी चालवता येत नाही, चीज कळत नाही आणि ते सरोवरावर येऊन आरडाओरडा करतात, असे इथे पाळण्यातल्या पोरालाही शिकवतात. एलरॉय तर चीजच्या कारखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेला. हात फावड्यासारखे आणि जीभ त्याहून धारदार. त्याचे वडील गावातल्या बिअरच्या कारखान्यात होते. तो कारखाना कधीच बंद पडला, पण एलरॉयच्या मते बिअर तिथेच बनायची. तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी, इलिनॉयच्या बाईने बनवायची ही वस्तूच नव्हे.

आणि कॉलीन नेमकी तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी बिअर बनवत होती.

आदल्या वर्षी तिने आपली पहिली बिअर बाटल्यांत भरली होती. बाटलीत चिमूटभर साखर घालून ठेवली की ती आपोआप फसफसते, पण तिच्या निम्म्या बाटल्या फसफसल्याच नाहीत. झॅस्ट्रोंच्या अंगणात सगळे नातेवाईक जमले असताना एलरॉयने पहिली बाटली उघडली, पेल्यात ओतली आणि पेला उन्हात धरला. फेसाचा पत्ता नाही. त्याने शांतपणे तो पेला नेऊन ब्राटच्या पातेल्यात रिकामा केला.

ब्राट म्हणजे जाडजूड सॉसेज. आमच्याकडे ते कांदा घालून बिअरमध्ये उकळायचे आणि मग निखाऱ्यावर भाजायचे, हा धर्म आहे. पातेल्यासाठी कुणी चांगली बिअर वापरत नाही. जी प्यायच्या लायकीची नाही ती पातेल्यात जाते. त्यामुळे माणसांनी भरलेल्या अंगणात आपली बिअर पातेल्यात ओतली जाणे म्हणजे काय, हे हार्टविगमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एलरॉयने फसफसलेल्या, न फसफसलेल्या साऱ्या बाटल्या एकामागून एक ओतल्या. "ब्राट मात्र झकास झालेत हं, सूनबाई," असे तो जेवताना म्हणाला, आणि वर्षभर तेच वाक्य जो तो तिला ऐकवत राहिला. पोस्टात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायरीवरसुद्धा.

म्हणून तिला मी हवा होतो. बाटल्यांचा भरवसा नाही. केगमध्ये बिअर थंड करून वरून वायूचा दाब दिला, की बिअर तो वायू आपणहून पिते आणि फसफसू लागते.

तिने मला घरी नेऊन गरम पाण्याने, सोड्याने असे घासले, की बर्निसच्या हाताखालीही मी इतका स्वच्छ कधी नव्हतो. जुने रबरी वायसर काढून नवे घातले. एकच राहिला. वायूच्या तोटीखालचा बारीक वायसर. ती तोटी इतकी घट्ट बसली होती, की पान्याला जुमानेना. कॉलीनने सगळा जोर लावला, अंगठा सोलून घेतला आणि शेवटी सोडून दिले. "राहू दे. एवढी घट्ट आहे म्हणजे गळायची नाही," असे ती स्वतःशीच म्हणाली. मला तोंड नाही, नुसते झाकण आहे. नाहीतर तिथेच सांगितले असते, की बाई, घट्ट आहे ती तोटी. तिच्याखालचा वायसर केव्हाच वाळून कोळसा झाला आहे.

एलरॉय एक दिवस मुद्दाम तळघरात उतरला. त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली, वाकून वास घेतला आणि नाक मुरडले.

"याला रूट बिअरचा वास मारतोय."

"मी चारदा धुतलाय तो, एलरॉय."

"चाळीसदा धू. वास मारतोय." मग तो खुर्चीवर बसला. "हे बघ पोरी, पुढच्या शनिवारी माझ्या आणि व्हर्नाच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत. सगळी झॅस्ट्रो जमात गोळा होणार. तुझं हे साबणाचं पाणी तू तिथं आणणारेस असं ऐकलं."

"आणणारे."

"आण की. फेस आला तर सगळ्यांसमोर पहिला पेला मी पिईन. नाही आला, तर पातेलं चुलीवर असेलच."

"नाही आला तर मीच ओतीन," कॉलीन म्हणाली. "आणि हे सगळं सामान परत चर्चच्या विक्रीत देईन. केगसकट."

केगसकट. एका शनिवारवर आम्हा दोघांचे नशीब टांगले गेले, आणि माझ्या खांद्यात तो मेलेला वायसर.

बिअर निवळायला उशीर झाला, म्हणून तिने ती गुरुवारी माझ्यात भरली. सोनेरी, नितळ बिअर, भाजलेल्या पावाच्या वासाची. मी आयुष्यात पुष्कळ काही पोटात घेतले, पण असे काही नाही. तिने मला तळघरातल्या फ्रिजमध्ये ठेवले, छोटा सिलिंडर जोडला आणि कळ फिरवली. वायू आत येऊ लागला, आणि तोटीच्या बुडातून बाहेरही जाऊ लागला. अगदी बारीक सुरात. मी जिवाच्या आकांताने फुसफुसत होतो, पण फ्रिज घरघरत होता आणि वर रेडिओवर पोल्का नाचाची अ‍ॅकॉर्डियन वाजत होती. कॉलीन येऊन येऊन सिलिंडरचा काटा बघायची आणि समाधानाने जायची. पण तो काटा मोठा लबाड. सिलिंडरमध्ये थेंबभर जरी द्रवरूप वायू उरला असला तरी तो भरल्या घरासारखा उभा राहतो, आणि संपला की एकदम लोळण घेतो.

शनिवारी सकाळी तिने दार उघडले तेव्हा काटा शून्यावर होता. तिने पेलाभर काढून पाहिली, तर दाबच नव्हता. थेंब थेंब बिअर आली आणि पेल्यात मुकाट बसली. कॉलीन फ्रिजसमोर खालीच बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते.

वरून तिच्या नवऱ्याची, डेलची हाक आली, "काय झालं?"

"वायू संपला. दुकान सोमवारशिवाय उघडत नाही."

"मग बाबा..."

"बाबांचं नाव काढू नकोस." ती उठली. "वायू गावात अजून एकाच ठिकाणी असेल. हा डबा उचलायला हात लाव."

आणि अशा रीतीने, मित्रांनो, मी बर्फाच्या टबात बसून, ट्रकच्या मागच्या भागातून, त्याच बोलिंगच्या अड्ड्यावर परत आलो. ज्या मागच्या दाराला मी टेकू देत होतो त्याच दाराने आत गेलो. तिथे आता एक वीट होती.

बर्निस काउंटरमागे होती. आणि आमचे दुर्दैव बघा, एलरॉयही तिथेच होता. पार्टीसाठी घडीची टेबले न्यायला म्हणून आला होता आणि आलोच आहोत तर एक डाव, म्हणून खेळत बसला होता. पायात आपले दुरंगी बोलिंगचे बूट.

"आली आली, इलिनॉय आली," तो म्हणाला. "पातेलं इकडं नाहीये पोरी, घरी आहे."

"बर्निस," कॉलीन त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुमच्या नळांचा वायूचा सिलिंडर मला थोडा वेळ द्याल का?"

बर्निस काउंटरच्या बाहेर आली आणि टबासमोर वाकली.

"हा तर माझा दाराचा डबा."

"आता माझा आहे."

"पोचा माझाच आहे." बर्निसने पोच्यावरून अंगठा फिरवला. "वायू देते. पण आधी सांग, आधीचा गेला कुठं? गळक्या डब्यात माझा वायू मी भरायची नाही."

"तेच तर कळत नाही, कुठून गळतोय."

बर्निसने तपासण्यापुरता सिलिंडर जोडला. एका वाटीत भांड्याचा साबण कालवून तिने जुन्या रंगाच्या ब्रशने माझ्या झाकणावर, कडांवर, दोन्ही तोट्यांवर फेस फासला. सगळे वाकून बघू लागले. झाकण गप्प. पेयाची तोटी गप्प. वायूच्या तोटीच्या बुडाशी मात्र एक बुडबुडा आला, मोठा झाला, फुटला. त्याच्या जागी दुसरा आला. मी दोन दिवस ओरडून सांगत होतो ते साबणाच्या पाण्याने एका दमात सांगितले.

"वायसर," बर्निस म्हणाली.

"ती तोटी उघडत नाही," कॉलीन म्हणाली. "मी सगळं करून बघितलं."

"न उघडायला काय झालं?" एलरॉय मागून म्हणाला.

इथे मला एलरॉयबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. जिभेने तो कितीही टोचो, पण अडकलेला नट समोर असताना त्याला गप्प बसवत नाही. चीजच्या कारखान्यात जन्मभर त्याने अडकलेल्या झडपा सोडवल्या होत्या. त्याच्या हातात चेंडू होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मग कॉलीनच्या सोललेल्या अंगठ्याकडे पाहिले, आणि चेंडू खाली ठेवला.

"बर्निस, तुझा तो खाचेचा पाना अजून आहे की तोही दाराला लावलास?"

पाना होता. सिगारच्या पेटीत, जुन्या सुट्या भागांबरोबर. आत एक नवा वायसरही होता, कागदात गुंडाळलेला. आतला उरलासुरला वायू सोडून दिल्यावर एलरॉयने मला दोन गुडघ्यांत धरले, पाना बसवला आणि जोर लावला. काही झाले नाही. त्याने गरम पाणी मागितले, तोटीवर ओतले, थोडे थांबला आणि पुन्हा लावला. मानेच्या शिरा टरारल्या. मग माझ्या खांद्यात कट्ट असा आवाज झाला आणि तोटी फिरली.

आत काळा, चिरफळलेला वायसर होता. एलरॉयने तो नखाने काढून नाकाशी धरला.

"रूट बिअर," तो म्हणाला. "सांगत होतो की नाही?"

"सांगत होतात," कॉलीन म्हणाली.

ती हे सरळ कबूल करील असे त्याला वाटले नव्हते. तो जरा गडबडला आणि नवा वायसर बसवू लागला.

आता वेळ थोडा उरला होता. बिअर हळूहळू वायू पीत बसायला सवड नव्हती. कॉलीनने दाब चांगला वाढवला, मला कुशीत घेतले आणि हलवायला लागली, म्हणजे बिअर आणि वायूची घुसळण व्हावी. भरलेला मी काही हलका नाही. तिचे तोंड लाल झाले.

"बाळ झोपवतेस का?" एलरॉय म्हणाला. "आडवा घाल त्याला. आडवा. आणि पायानं लोळव. दुधाचे कॅन असेच लोळवायचो आम्ही."

"मग लोळवा ना तुम्ही."

"मी कशाला? मी तर पातेल्याच्या बाजूचा."

पण त्याने लोळवले. खुर्ची ओढून बसला आणि आपल्या दुरंगी बुटाने मला पुढे ढकलले, मागे ओढले, पुढे, मागे. माझ्या पोटात वायू गुडगुड करत शिरत होता आणि थंड बिअर त्याचे घोट घेत होती. ज्या पायांनी मला वर्षानुवर्षे ठोकरले त्याच जातीच्या पायाखाली मी होतो, पण या वेळी मला अपमान वाटला नाही. पलीकडे खुंट्या धडाधड पडत होत्या. गुडगुड मंदावत मंदावत थांबली तेव्हा एलरॉयने पाय उचलला.

"पोट भरलं याचं," तो म्हणाला. "आता लगेच उघडू नका. नुसता फेसच येईल तोंडावर. बसू दे निवांत."

"आणि पातेलं?" कॉलीनने विचारले.

"पातेलं चुलीवरच आहे. मी शब्द फिरवत नाही."

दुपारी झॅस्ट्रोंचे अंगण भरले. मी सफरचंदाच्या झाडाखाली बर्फात उभा होतो. डेलने पत्त्यांचा डाव मांडला होता, ताज्या चीजचे तुकडे दाताखाली कुचकुचत होते. निखारे पेटलेले. आणि चुलीवर ते पातेले, कांद्याने अर्धे भरलेले, कोरडे. बिअरची वाट बघणारे. एलरॉयने बाजारातून बिअरच्या डब्यांची दोन खोकी आणून झाडाखाली ठेवली होती, वेळेला असावीत म्हणून. सगळे नातेवाईक कधी पातेल्याकडे बघत, कधी माझ्याकडे. "ब्राट झकास होणार वाटतं," असे कुणीतरी मोठ्याने म्हणाले, आणि हशा पिकला.

कॉलीनने जादा दाब सोडला, नळी जोडली आणि पेला तिरका धरला.

मी माझे सारे बळ एकवटले.

आधी जोरात फुसकारा आला, मग फेसाचा एक लोळ, आणि मग सोनेरी, स्वच्छ धार. पेला भरला. वर बोट बुडेल एवढा पांढरा, दाट फेस चढला आणि तिथेच बसला. बारीक बुडबुडे तळापासून रांगेने वर येत होते.

एलरॉयने पेला घेतला. उन्हात धरला. मागच्या वर्षीसारखाच. मग ओठाला लावला आणि खाली ठेवला तो अर्धा झाल्यावरच. मिशीला फेस होता. त्याने पेला व्हर्नाच्या हातात दिला. पन्नास वर्षांच्या संसारात व्हर्नाने नवऱ्याच्या पेल्यातून किती वेळा घोट घेतला असेल मला ठाऊक नाही. तिने सावकाश घेतला, आणि तिचे डोळे भरून आले.

"एलरॉय," ती म्हणाली, "तुझ्या बाबांच्या कारखान्यातली अशीच असायची रे."

"माहितेय मला," एलरॉय म्हणाला. त्याने सगळ्या अंगणाकडे तोंड केले. "ऐका रे. ही बिअर माझ्या सुनेनं बनवलीय. आमच्या हार्टविगच्या सुनेनं." मग त्याने झाडाखाली बोट दाखवले. "डेल, ती बाजारची खोकी फोड. ओत सगळी पातेल्यात."

डेलने एकेक डबा फोडून ओतला. पातेले फसफसले, कांद्याचा वास सुटला, आणि लोकांनी माझ्यासमोर रांग लावली. बर्निसही होती त्या रांगेत. आपली पाळी आली तेव्हा तिने आधी माझ्या पाठीवर थाप मारली आणि मग पेला पुढे केला. कॉलीन हसत होती, रडत होती आणि पेले भरत होती. संध्याकाळ व्हायच्या आत मी रिकामा झालो. असा रिकामा होण्यातले सुख भरल्या पोटाला कळत नाही, मित्रांनो.

त्या दिवसानंतर मी कॉलीनच्या तळघरात राहतो. आता तिथे माझे तीन सोबती आहेत, आणि एलरॉय शनिवारी सकाळी "सहज" म्हणून खाली उतरतो. प्रत्येक केगच्या तोटीवर साबणाचे पाणी फासतो, डोळे बारीक करून बसतो आणि बुडबुड्याची वाट बघतो. कॉलीन त्याला विचारते, "आहे का काही, बाबा?" तो म्हणतो, "गप्प आहेत सगळे."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू कुठल्यातरी दाराला टेकू देत उभी असेल. ती गळते, वास मारते, तिला पोचे आहेत, हे सगळे खरे असेल. पण ती भंगारात टाकण्याआधी एकदा वाकून तिच्याजवळ जा आणि बघा, नक्की कुठून फुसफुसते आहे ते. पुष्कळदा सगळा डबा वाईट नसतो. खांद्यातला एक बारीक वायसर बदलायचा राहिलेला असतो.